मूठ कधी मिटली?

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं. पाण्याचा दिवस असला की घरात बाकी सगळं बाजूला पडतं. पिंप, हंडे, कळश्या, वरची टाकी, झाडांसाठी ठेवलेली बादलीसुद्धा भरून घ्यायची असते. 2022 च्या डिसेंबरात अशाच एका दिवशी पहाटे मी मोरीत गेले, भरलेल्या कळशीच्या गळ्याला हात घातला आणि उचलायला गेले, तर बोटं मिटेनात. कळ येऊन हात सुटला म्हणावं, तर तसंही झालं नव्हतं. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली ती थांबलीच. कळशी कलंडली, गार पाणी पायांवर गेलं. मी तशीच ओल्यात बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहिले.

सासूबाई दारात आल्या. "अगं, रात्री नऊला झोपलीस की. अजून झोप गेली नाही का?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कुठे कळत होतं? नऊला झोपून साडेचारला उठले होते आणि अंग असं झालं होतं की रात्रभर कुणी माझ्याकडून ढीगभर धुणं धुऊन घेतलं असावं. मनात एकच आलं, थायरॉईड वाढला असणार.

थायरॉईड माझ्या मागे 2017 पासून आहे. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. मे महिना होता, बाहेर 42-43 अंश, रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं, आणि मी दुपारी चादर घेऊन झोपत होते. माझे सासरे जेकार्डवर चादरी विणायचे. त्यांच्या हातची एक जाड चादर अजून घरात आहे. ती भर उन्हाळ्यात अंगावर ओढून घ्यायची आणि तरी पाय गारच. केस मूठमूठ गळत होते, पोट साफ होत नव्हतं, सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या असायच्या, आवाज जड झाला होता. बोलता बोलता साधे शब्द आठवायचे नाहीत. "ते द्या हो" म्हणायचे आणि कात्री हा शब्दच सापडायचा नाही. रक्त तपासलं तर टीएसएच 38 निघाला. थायरॉईड ग्रंथी कमी काम करायला लागली की हा आकडा वाढतो. कागदावर मर्यादा छापलेली होती साधारण साडेचारपर्यंतची.

डॉक्टरांनी तेव्हाच आणखी एक तपासणी करून घेतली, अँटी-टीपीओ. तीही वाढलेली होती. ते म्हणाले, तुमच्या शरीराची संरक्षणाची जी फौज आहे ती चुकून तुमच्याच थायरॉईड ग्रंथीवर चालून गेली आहे. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 साली हा आजार पहिल्यांदा नोंदवला, म्हणून त्यांचंच नाव त्याला आहे. ग्रंथी हळूहळू काम सोडते, मग तिचा रस बाहेरून गोळीने द्यावा लागतो. रोज, बहुतेक जन्मभर. जन्मभर हा शब्द ऐकून रडले होते. पण गोळी सुरू झाली, 50 ची मग 75 ची, आणि दोन-तीन महिन्यांत मी माणसांत आले. चादर पुन्हा कपाटात गेली.

म्हणूनच पुढे 2021 च्या मध्यावर थकवा परत आला तेव्हा मी सगळं थायरॉईडच्याच खात्यावर मांडलं. मी आणि माझी जाऊ, दोघी घरी शाळेचे गणवेश शिवतो. सोलापुरात गणवेशाचा धंदा मोठा आहे, कारखान्यातून कापलेला माल घरी येतो, शिवून परत जातो. मार्च ते जून आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. बोटं दुखतात? शिलाईने दुखत असतील. टाचा आणि पायांचे चवडे सकाळी टेकवत नाहीत? दिवसभर पायमशीन मारल्यावर दुसरं काय होणार. जोडवी निघेनाशी झाली, तेव्हा वजन वाढलं म्हणाले. प्रत्येक दुखण्याला एक सोयीचं कारण मिळत गेलं.

जवळच्या दवाखान्यात तीन वेळा गेले. थायरॉईड तपासला, टीएसएच 3.1. "रिपोर्ट तर उत्तम आहे, मग कशाला काळजी करता?" असं म्हणून वेदनाशामक गोळ्या आणि ताकदीचं सिरप मिळालं. त्या गोळ्या पुढे मी मेडिकलमधून आपल्या आपणच आणून खायला लागले, आणि वर्षभरात पोटाची जळजळ कायमची मागे लागली. रिपोर्ट चांगला आला की माणसाला बरं वाटायला हवं. मला मात्र तो कागद हातात घेऊन फार एकटं वाटलं. आजार सापडला असता तर निदान बाजूला बसायचा हक्क मिळाला असता. रिपोर्ट चांगला, म्हणजे आता उरला तो आळस, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण घरात तसं वारं होतं आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात होतं.

हे सगळं पुढे कुणी पकडलं तर ते एका कासाराने.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, आणि होम मैदानावर भरणारा गड्डा. गड्ड्याला गेलं की बांगड्या भरायच्या, हे माझं लग्न झाल्यापासूनचं आहे. 2023 च्या जानेवारीत मी लेकीबरोबर गेले, एका म्हाताऱ्या कासारापुढे बसले आणि नेहमीचं माप सांगितलं, "दोन-चार द्या."

त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठा आत दुमडला, आणि बांगडी बोटांच्या मुळाशी येताच थोडं दाबलं. मी किंचाळले. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. कासारमामांनी बांगडी बाजूला ठेवली. मग माझी चारही बोटं एकेक करून हळूच चाचपली, दुसरा हात मागून घेतला, तोही तसाच चाचपला.

"ताई, हा दोन-चारचा हात नाही राहिला. पेरं सुजलीत. आणि दोन्ही हातांना सारखीच सुजलीत बघा. मार लागला की एका हाताला लागतो. हे दाखवून घ्या."

त्यांनी बांगड्या भरल्या नाहीत, पैसेही घेतले नाहीत. आयुष्यभर हजारो बायकांचे हात हातात घेतलेला माणूस तो. दीड वर्षात माझा हात हातात धरून बघणारे ते पहिले.

फेब्रुवारीत आम्ही संधिवाताच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनीही पहिलं काम तेच केलं. बोटांचं, मनगटाचं, कोपराचं, पायाच्या चवड्याचं एकेक पेर दाबून पाहिलं. मग एक प्रश्न विचारला: "सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण मिटायला किती वेळ लागतो?"

मी विचार केला. पाचला उठते. डब्याची कणीक जाऊबाई मळतात कारण माझ्याने होत नाही. सुईत दोरा ओवता येतो तो साडेनऊच्या सुमारास. "चार तास तरी," मी म्हणाले. यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. एका घरात राहून त्यांना हे ठाऊक नव्हतं, कारण मी कधी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गुडघे झिजतात त्या दुखण्यात सकाळी थोडा वेळ आखडतं, पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास, आणि वापरलं की जास्त दुखतं. सांध्यांना आतून सूज येणारा जो वात आहे त्यात तास-तासभर, कधी त्याहून जास्त आखडलेलं राहतं आणि हालचाल केली की उलट मोकळं होतं. आपल्याकडे दोन्हीला 'वात' हाच शब्द. सासूबाईंच्या गुडघ्यालाही वात, माझ्या बोटांनाही वात, म्हणून त्यांचं तेल मी लावत होते आणि त्यांचा लेपही. वैद्य याला आमवात म्हणतात, तो शब्द निदान वेगळा तरी आहे.

तपासण्या झाल्या. या वाताची खूण सांगणारे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही वाढलेले, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर 64, तसाच सीआरपीही जास्त. हिमोग्लोबिन 9.6. ह्रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. थायरॉईडवर चालून गेलेली फौज आता सांध्यांच्या अस्तरावरही आली होती. असे आजार एका माणसात जोडीने दिसतात आणि बायकांत जास्त दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. थकवाही ही सूजच आणते, नुसता हात दुखल्याचा तो थकवा नसतो. ताप आल्यावर अंग मोडून येतं ना, शरीराच्या आत तसंच काही रोज चालू असतं. वर रक्त कमी. म्हणजे थकवा एक नव्हताच, दोन-तीन एकावर एक बसले होते आणि मी त्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारत होते.

औषध आलं ते मेथोट्रेक्सेट. लेकीने घरी येऊन मोबाईलवर नाव टाकलं आणि तिचा चेहरा पडला. "आई, हे कॅन्सरचं औषध आहे." त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा दवाखान्यात जाऊन विचारून आले. कॅन्सरला ते फार मोठ्या मात्रेत देतात, वाताला आठवड्यातून एकदाच, थोड्या मात्रेत, आणि या आजाराला बहुतेक वेळा पहिल्यांदा तेच देतात. ज्यांना अजून मूल हवं आहे किंवा राहू शकतं, त्या बायकांनी मात्र हे औषध घेण्याआधी डॉक्टरांशी स्पष्ट बोलायचं. पोटातल्या बाळाला ते चालत नाही.

आठवड्यातून एकदा, हे मी इथे ठळक करून सांगते. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वार अक्षरात लिहिला, 'शनिवार', आणि मेडिकलवाल्यांनी पाकिटावर पुन्हा लिहिला. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळे शनिवार लाल पेनाने गोल केले. रात्री जेवणानंतर गोळी, कारण रविवारी मळमळतं आणि रविवारी शिलाईला सुट्टी. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या वारी. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्त आणि लिव्हर तपासून घ्यायचं, पुढे तीन महिन्यांनी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर थोडं स्टिरॉइड. त्याने हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम, आणि रक्तासाठी लोहाची गोळी.

मे उजाडेपर्यंत हातांना खरंच गुण आला. मूठ साडेसातला मिटायला लागली. मी आनंदाने सगळ्यांना मूठ करून दाखवत होते. आणि त्याच दिवसांत मी दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपायला लागले. सांधे हलके, अंग मात्र शिशाचं. गणवेशाचा ऐन मोसम, जाऊबाई रात्री बारापर्यंत एकटी टिपा मारत होती, आणि मला उठवत नव्हतं. नवं औषध सोसत नाही असं सगळ्यांना वाटलं. मलाही. शनिवारची गोळी बंद करावी इथपर्यंत बोलणं गेलं.

एके दुपारी लेक कॉलेजातून आली. बाहेर ऊन असं की छपरावरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नव्हतं. तिने दार उघडलं आणि तिथेच थांबली.

"आई, तू परत चादर घेतलीस."

मी खाली पाहिलं. सासऱ्यांची चादर. कपाटातून कधी काढली तेही आठवत नव्हतं.

टीएसएच केला, 14.6. गोळी एक दिवसही चुकली नव्हती, मात्राही तीच. थायरॉईडच्या डॉक्टरांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, "सकाळी गोळ्या कशा घेता, मला करून दाखवा." मी पिशवीतून पाकिटं काढली. थायरॉईडची एक, कॅल्शियमची एक, लोहाची एक, पित्ताची एक. चारही तळहातावर घेतल्या. "आणि हे पाणी नाही, चहा असतो," मी म्हणाले. एकदाच सगळं उरकलं की दिवसभर डोक्याला त्रास नको, म्हणून मी तसं लावून घेतलं होतं.

त्यांनी माझ्या तळहातावरची थायरॉईडची गोळी उचलून बाजूला ठेवली. ही एकटी, ते म्हणाले. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोह हिच्याबरोबर पोटात गेले की ते हिला धरून ठेवतात, अंगात जाऊ देत नाहीत; त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. पित्ताच्या गोळीनेही हिचं शोषण कमी होऊ शकतं. म्हणजे तीन महिने मी रोज गोळी घेत होते आणि ती पूर्ण लागतच नव्हती.

मला कुणाचा राग काढायचा नाही. माझ्याकडे दोन फायली होत्या, हिरवी थायरॉईडची, निळी वाताची. हिरवी घेऊन एका दवाखान्यात जायचे, निळी घेऊन दुसऱ्या. हिरवीतल्या डॉक्टरांना कॅल्शियम चालू झाल्याचं माहीत नव्हतं, निळीतल्या डॉक्टरांना मी थायरॉईडची गोळी कशाबरोबर घेते ते माहीत नव्हतं. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी दोन्ही फायली सोडल्या आणि तारखेप्रमाणे एकीत लावल्या. आता कुठेही जाताना ती एकच जाते, दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा.

तेव्हापासून पहाटे उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी, उशाशी तांब्या ठेवलेलाच असतो. चहा तासाने. लोह दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियम रात्रीच्या. आठ आठवड्यांनी टीएसएच 3.9 आला. आठ आठवडे थांबायचं कारणही मी विचारून घेतलं होतं. या गोळीचा अंश रक्तात फार सावकाश कमी-जास्त होतो, निम्मा व्हायलाच आठवडा लागतो. घाईने तपासलं तर खरा आकडा कळत नाही. मधल्या काळात थकवा असह्य झाला की दीड गोळी घ्यावी असं मला कितीदा वाटलं. जास्त झाली तर छातीत धडधड, झोप उडते, हाडंही झिजतात, म्हणून हात आवरला.

मग वही सुरू केली. लेकीची जुनी दोनशे पानी वही. पहिला रकाना, मूठ कधी मिटली. दुसरा, चहा कधी घेतला. मग झोप, हात-पाय गार की गरम, दुपारी काय झालं, पाण्याचा दिवस होता का. चार महिने भरली आणि पानं उलटून पाहिली तेव्हा मला माझे दोन थकवे वेगवेगळे दिसायला लागले.

वाताचा थकवा माझ्याकडे येतो तो सांध्यांबरोबर. मनगट गरम लागतं, मूठ उशिरा मिटते, आणि दुपारी दोनच्या सुमारास अंगातलं सगळं एकदम ओसरतं. पण डोकं जागं असतं. पडल्या पडल्या मी हिशोब करू शकते, लेकीशी बोलू शकते. थायरॉईडचा तसा नाही. तो सांध्यांकडे बघतच नाही. मूठ वेळेवर मिटली तरी अंग जड, पापण्या जड, पाय गार, पोट साफ नाही, आणि डोक्यात धुकं. शब्द सापडत नाहीत. कापडाची उलटी-सुलटी बाजू ओळखायला दोनदा बघावं लागतं. आणि तो दिवसात येऊन जात नाही, आठवडा-आठवडा मुक्काम करतो. हे माझ्या अंगाचं सांगते, दुसऱ्या बाईचं वेगळं असेल. पण मला याचा एवढा उपयोग झाला की आता दवाखान्यात "थकवा आहे" असं मोघम सांगत नाही. मूठ आठऐवजी दहाला मिटते आहे, पंधरा दिवस झाले, हे वहीतून वाचून दाखवते. डॉक्टरही मग वेगळं ऐकतात.

घरच्यांना सांगणं त्याहून अवघड होतं. दिसायला मी ठणठणीत. तोंडावर सूज नाही, हाताला प्लास्टर नाही. सकाळी चालते-फिरते आणि दुपारी कोसळते, हे दुसऱ्याला पटावं तरी कसं? शेवटी मला ते मशीनवरच सापडलं. शिवताना बॉबीनचा दोरा संपतो तेव्हा वरून काही कळत नाही. सुई वर-खाली होते, वरचा दोरा चालू असतो, आवाजही तोच, आणि कापड ओढून पाहिलं तर टीप बसलेलीच नसते. नुसती भोकं. मी जाऊबाईला म्हणाले, "माझं तसं होतं गं. तुम्हाला मशीन चालू दिसते, पण खाली दोरा संपलेला असतो." ती शिवायची थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वैनी, मग आधी सांगत जा. संपल्यावर नको, संपत आल्यावर."

आता आमच्या घरात तो शब्दच झाला आहे. लेक कॉलेजातून आली की विचारते, "बॉबीन किती आहे?" मी म्हणते, पाव. मग पोळ्या ती करते. सासूबाईसुद्धा परवा शेजारणीला सांगत होत्या, आज हिची बॉबीन रिकामी आहे, हळदीकुंकवाला मीच येते. मला आत ऐकू आलं आणि मी उशीत तोंड घालून रडले.

घरात बदल केले ते असे मोठे नाहीत. पाण्याच्या दिवशी मी कळशी उचलत नाही. यांनी नळाला लांब नळी बसवली, ती थेट पिंपात जाते, आणि मी फक्त तोटी बघते. तीही जुनी गोल तोटी काढून लांब दांडीची बसवली, मनगटाने ढकलता येते. पायमशीनला मोटार लावली. जाड कापड कापायचं काम सोडलं, कात्रीने अंगठ्याच्या मुळाशी सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. भाकरी थापणं हे मात्र मनाला लागलं. माझ्या आईची भाकरी आख्ख्या गल्लीत नावाजलेली आणि मला तिचा हात आहे असं म्हणायचे. आता सूज असेल तेव्हा कडक भाकरी विकत आणतो, शेंगाची चटणी आणि दही, जेवण होतं. सूज नसेल त्या दिवशी दोन भाकरी मी थापते. दोनच, पण थापते.

सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून दहा मिनिटं बोटं हलवायची, मग टॉवेलची गुंडाळी हातात घेऊन हळूहळू दाबायची आणि सोडायची, हे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं. थंडीत पाणी तापवते, एप्रिल-मेमध्ये टाकीतलंच पाणी पुरतं. शिलाईला वीस-पंचवीस मिनिटं बसले की उठायचं, दार-खिडकीपर्यंत जाऊन यायचं. दुपारची झोप अर्ध्या तासावर नाही, गजर लावूनच. जास्त झोपले की रात्रीची जाते आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही थकवे हात धरून येतात. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने चालून येते. आधी दहा मिनिटं, मग पंधरा. थकलेल्या माणसाला चाल म्हणणं मला सुरुवातीला क्रूर वाटलं होतं. पण सूज आटोक्यात असताना रोज थोडं चालले की दुपारचं ते ओसरणं कमी होतं, हे वहीत दिसलं म्हणून विश्वास बसला.

सगळं सुरळीत आहे असं नाही. गेल्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या मीच फिरवला, कुणी नको म्हणत असताना, आणि पुढचे बारा दिवस मूठ दहाच्या आत मिटली नाही. रविवारची मळमळ अजून आहे. पाहुण्यांकडच्या लग्नात हळदीला न नाचता खुर्चीवर बसले तर "काय झालं हिला" ही कुजबुज अजून होते.

आमच्या शेजारी एक तेलुगू अक्का राहतात, चाळीस वर्षं विड्या वळतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याने बांधायचं, सगळं बोटांवर. एकदा त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या आणि मी त्यांचे हात पाहिले. बोटं करंगळीच्या बाजूला वाकून गेलेली, पेरांवर गाठी. मी विचारलं, "अक्का, सकाळी मूठ कधी मिटते?"

"कुठं मिटते? दहा वर्षं झाली. वयाचं आहे ते," त्या म्हणाल्या. "झोप पण येते सारखी. वय झालं ना."

अक्का अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. पुढच्या सोमवारी मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. सकाळी आठला रांगेत उभ्या राहिलो, आपलं नाव पुकारेपर्यंत बारा वाजले. वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उरलेलं वाचवता येईल. औषध चालू झालं. थायरॉईडही तपासायला लावला मी, हट्टाने, आणि तोही वाढलेला निघाला. अक्कांना अक्षर वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या सून आणि मी मिळून गोळ्यांच्या पुड्यांवर चित्रं काढली. पहाटेच्या गोळीवर कोंबडा, रात्रीच्या गोळीवर चंद्र, आणि आठवड्याच्या गोळीची पुडी वेगळ्या डब्यात, सुनेच्याच ताब्यात. थायरॉईडच्या पुडीवर अक्कांनी स्वतः सांगून चहाचा कप काढून घेतला आणि त्यावर फुली मारायला लावली.

माझे परवाचे आकडे, टीएसएच 2.8, ईएसआर 26, हिमोग्लोबिन 11.4. मूठ साधारण पंचवीस मिनिटांत मिटते. स्टिरॉइड बंद झालं आहे.

यंदाच्या मोसमाचा माल घेऊन कारखान्याचा माणूस आला तेव्हा पहिल्यांदा मी बोलले, जाऊबाई नाही. पूर्वी मी दिवसाला पंचवीस शर्ट काढायचे. त्याला म्हणाले, माझे पंधरा धरा, काजं-बटणं दुसरीकडे द्या, आणि पाण्याच्या दिवशी माल नको. त्याने वहीत काहीतरी खोडलं, थोडा वेळ पेन हलवत बसला. "पंधरा पक्के?" म्हणाला.

"पक्के," मी म्हणाले. पहिला गठ्ठा काल आला आहे, निळ्या चौकड्यांचा.